कार्डावरची आई

सुचेताबाईंनी मथुराक्काला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती शाळेच्या व्हरांड्यात एका सात वर्षांच्या मुलीपुढे हात जोडून उभी होती. बंगळूरात, मल्लेश्वरमच्या त्या शाळेत सुचेताबाई दुसरीच्या वर्गशिक्षिका. रविकिरण नावाच्या पोरानं त्या मुलीचा डबा खिडकीतून खाली फेकला होता, म्हणून त्यांनी त्याच्या घरी चिठ्ठी पाठवली होती. चिठ्ठी मिळाली की आया काय करतात हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. काही जणी शिक्षिकेसमोरच पोराच्या पाठीत धपाटा घालतात, म्हणजे त्यांची सुटका होते. काही जणी ‘आमचा असं करणारच नाही’ यावर ठाम राहतात. मथुराक्कानं दोन्ही केलं नाही. डबा कुणाचा ते विचारलं, त्या मुलीला बोलावून घेतलं आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं तिला कानडीत सांगितलं, की मी ह्याची आई. ह्याला नीट वागायला शिकवायचं माझं अजून राहिलंय. ह्या आठवड्यात तुझा डबा मी आणीन. आणि तिनं तो आणला.

हजेरीपटावर मात्र रविकिरणच्या आईचं नाव वसुमती होतं. सुचेताबाईंनी विचारलं तेव्हा मथुराक्कानं काही आडपडदा ठेवला नाही. वसुमती तिची धाकटी जाऊ. मथुराक्काचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, पदरी मूल नाही. दीर हणमंतरावांना दोन मुलगे, हयवदन आणि रविकिरण. मथुराक्कानं धाकटा मागितला, वसुमतीनं हो म्हटलं. मठात भीमाचार्यांनी दत्तहोम केला, नवराबायकोनं पाणी सोडलं आणि पाच वर्षांचं पोर मथुराक्काच्या ओटीत आलं. त्या दिवसापासून रविकिरण हिला आई म्हणू लागला आणि जन्म देणारीला चिक्कम्मा, म्हणजे कानडी रीतीनं धाकटी काकू. शेकडो वर्षांपूर्वी ह्या गावात येऊन राहिलेल्या मराठी घरांत दत्तक असंच व्हायचं. अग्नी साक्षीला आणि चार ओळखीची माणसं. कचेरीत कोणी जात नसे.

शाळेच्या दाखल्यावर नाव बदलून घ्या, असं सुचेताबाईंनी सुचवलं.

“नको टीचर,” मथुराक्का म्हणाली. “तिनं पोटचं पोर दिलं मला. कागदावरचं नाव तरी तिच्यापाशी राहू दे. तेही ओढून घेतलं तर मी हावरट.”

सुचेताबाई पुण्याहून लग्न होऊन इथं आलेल्या. सासरच्या गोतावळ्यात देण्याघेण्याचे हिशेब त्यांनी पुष्कळ ऐकले होते, पण असा हिशेब कोणी मांडलेला ऐकला नव्हता. त्या बाईकडे त्या तेव्हापासून लक्ष ठेवून राहिल्या, आणि पुढं निवृत्त होऊन तिच्याच क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, राहायला आल्यावर दोघींचं रोजचं बोलणं झालं.

मथुराक्का पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. चटणीची नि साराची पूड, म्हणजे चटणीपुडी, सारपुडी, आणि मेतकूट करून घरोघर पोचवायची आणि मठात आराधनेच्या दिवसांत स्वयंपाकाला जायची. तिचा सगळा संसार तिच्या पायांवर चालला होता. भर उन्हात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती संपिगे रोडच्या गर्दीतून अशी वाट काढायची की रिक्षावालेसुद्धा तिला ‘स्वल्प सावकाश, अक्का’ म्हणायचे. त्याच पायांवर रविकिरणचा डिप्लोमा झाला. तो पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला, यंत्राचे तयार भाग मोजून तपासण्याच्या कामावर. मग त्याचं अनुषाशी लग्न झालं, मुलगी झाली, तिचं नाव आर्या. कारखाना जवळ पडावा म्हणून त्यांनी दासरहळ्ळीला घर घेतलं, भाड्याचंच. मथुराक्काला तिकडं करमेना. ती आपल्या गिऱ्हाइकांत, मल्लेश्वरममध्येच राहिली. रविकिरण दर रविवारी येई, सिलिंडर बदलून देई, वरच्या फळीवरचे डबे काढून देई, जेवून जाई. वाईट मुलगा नव्हता तो. हे सुचेताबाई आजही म्हणतात.

उजव्या खुब्यातली कळ मथुराक्कानं वर्षभर लपवली. कधी चप्पल लागते म्हणाली, कधी थंडी. एकदा सुचेताबाई तिच्याकडे निघाल्या होत्या तर ती जिन्यावर बसून एकेक पायरी खाली सरकताना दिसली, पुडीच्या पिशव्या पुढच्या पायरीवर ठेवत. त्यांना पाहून म्हणाली, “पायऱ्या पुसायच्या होत्या, त्याही झाल्या.”

मग डॉक्टर निवडण्याचा विषय निघाला, आणि ह्या समाजात तो विषय एकट्याचा कधीच नसतो. पहिलं नाव ठरलेलंच होतं. मठात पहिल्या पंगतीला बसणारे डॉक्टर, स्वतःचं नर्सिंग होम, घरात मराठी बोलणारे. आपले. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, सांधा झिजून गेलाय, बदलावा लागेल, असं सांगितलं, आणि आपल्या माणसासाठी सवलत करू, असंही सांगितलं. सवलतीनंतरचा आकडा ऐकून रविकिरणनं कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. नंतर तो कागद कोणी बाहेर काढला नाही.

हयवदनचं कोरमंगलाला मोठ्या कंपनीत ऑफिस. तो दोड्डम्मासाठी, म्हणजे थोरल्या काकूसाठी, काय करता येईल ते बघतो म्हणाला. त्यानं बघितलंही. त्याच्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसत होते, काकू बसत नव्हती. राज्य सरकारच्या योजनेचं सुचेताबाईंनी स्वतः जाऊन विचारलं. तिथं आधी सरकारी हॉस्पिटलात दाखवायचं, त्यांची चिठ्ठी आणायची, आणि ज्यांचं रेशनकार्ड गरिबाचं नाही त्यांच्या खर्चाचा थोडाच वाटा सरकार उचलणार. मथुराक्काचं कार्ड गरिबाचं नव्हतं. पूर्वी गल्लीतल्या सगळ्या बायकांनी रांगा लावून तसली कार्डं करून घेतली होती, तेव्हा ही गेली नव्हती, कारण आपल्याला गरीब म्हणवून घ्यायला तिची जीभ उचलली नव्हती. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्राचं वेगळं कार्ड आहे, असं कोणीतरी सांगितलं. मथुराक्का सहासष्टची.

“म्हणजे म्हातारी व्हायलाही मी कमी पडले,” ती म्हणाली.

राहिलं रविकिरणचं ईएसआय. कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून दर महिन्याला कापून जातं ते. त्यावर त्याची बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांचे सगळे उपचार होतात. हे रविकिरणला माहीत होतं. तरी त्यानं ते सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण त्या हॉस्पिटलाबद्दल घरात कोणी चांगलं बोलत नसे. वसुमतीनं फोनवर ऐकून विचारलं, की तिथं तर कारखान्यातली माणसं येतात ना? मथुराक्कालाही धाकधूक होतीच. जायच्या दिवशी तिनं घरचं पाणी, घरचा डबा आणि बसायला स्वतःची चटई घेतली. रविकिरणनं अर्धी रजा टाकली. सुचेताबाई सोबत गेल्या.

चटईची घडी उलगडायची वेळच आली नाही. शिवणाच्या कारखान्यातल्या एका बाईनं उठून तिला बाकावर जागा दिली आणि निम्मा वेळ दोघी एकमेकींची दुखणी ऐकत बसल्या. खिडकीवरच्या माणसानं रविकिरणचा नंबर उतरून घेतला आणि कार्ड बाई दाखल होतील तेव्हा बघू म्हणाला. आतली डॉक्टर नयना तरुण मुलगी होती. तिनं मथुराक्काला झोपवून पाय वाकवून पाहिला, बाहेर वळवून पाहिला, मग खोलीच्या दारापर्यंत चालायला लावलं आणि परत चालायला लावलं. कुठं लागतं, जिना किती, घरात कोण, काम काय, सगळं विचारलं. प्लास्टिकचा सांधा हातात देऊन काय काढणार आणि काय बसवणार ते दाखवलं. इथं हे ऑपरेशन होतं, तुमचं वजन आणि हृदय ठीक आहे, जिना चढाल, पिशव्या मात्र हलक्या न्यायच्या, असं म्हणाली.

परतताना मेट्रोत मथुराक्का खूश होती. सुचेताबाईंना तिनं हळूच सांगितलं, “आपल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला हो. ह्या पोरीनं मला पाहिलं.” आणि मग, कोणी विचारलं नसताना, “मी इथंच करून घेणार. वसुमतीला काय वाटायचं ते वाटू दे.”

दाखल व्हायच्या आधी कागद द्यायला तिघं पुन्हा गेली तेव्हा खिडकीवरच्या त्याच माणसानं रविकिरणचा नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं, मथुराक्काच्या आधारकार्डाकडे पाहिलं आणि पडदा त्यांच्या बाजूला वळवला. आई, वसुमती. शेजारी वसुमतीचा फोटो. नोकरीला लागताना रविकिरणनं शाळेचा दाखला पुढं केला होता आणि कंपनीच्या ऑफिसनं त्यावरून घरच्यांची नावं भरली होती.

तो माणूस उर्मट नव्हता. रोज शंभर जणांना समजावणाऱ्याच्या आवाजात त्यानं सांगितलं, की दत्तक असेल तर ह्या बाईच आई, त्यांचा हक्क आहेच. पण मला दिसायला हवं. रजिस्टर केलेलं दत्तकपत्र आणा, देणाऱ्या आईची सही आणि घेणाऱ्या आईची सही. आणि तुम्ही कंपनीत अर्ज देऊन ते नाव काढून हे घाला. मग माझ्याकडून काही अडचण नाही.

“अग्नीपुढं झालंय ते,” मथुराक्का म्हणाली.

“मान्य आहे अम्मा,” तो कानडीत म्हणाला. “पण अग्नी इथं येऊन सही करत नाही.”

हा विनोद त्यानं दुखवायला केला नव्हता. मथुराक्काही हसली. तिला वाटलं, एवढंच ना. भीमाचार्य ऐंशीच्या पुढचे असले तरी डोकं शाबूत होतं. त्यांनी साक्षीदार म्हणून लगेच होकार दिला. प्रश्न वसुमतीचा होता. रविवारी सगळे राजाजीनगरला तिच्या घरी जमले. सुचेताबाईंना मथुराक्का मुद्दाम घेऊन गेली, बोलताना अडखळले तर सांभाळून घ्या म्हणून.

वसुमतीनं सगळं ऐकून घेतलं. दोन मुलांच्या दोन विम्यांत जिचं नाव होतं त्या बाईला आयुष्यात सर्दीपलीकडं काही झालं नव्हतं. ती मथुराक्काकडे बघून म्हणाली, “तेव्हा पाणी सोडून दिला, आता सही करून देते. एकच पोर दोनदा देणारी बाई पाहिलीय का कुणी? आणा, कुठं करायची?”

बोलण्यात टोचणी होती, पण होकार होकारच. त्याहून नवल हयवदनचं. एरवी फोन न उचलणारा हयवदन वकिलाशी बोलून मसुदासुद्धा करून घेऊन आला होता. दोड्डम्माचं काम, थांबायला नको, तो परत परत म्हणत होता. रविकिरणनं मसुदा हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला, आणि स्वल्प थांबू या, मी एकदा दाखवून घेतो, असं म्हणून बॅगेत ठेवला. अनुषा खिडकीबाहेर बघत होती.

थांबणं लांबत गेलं. आधी कारखान्यात तपासणी होती. मग आर्याची परीक्षा. मग वकील गावाला गेला होता. मथुराक्का दर रविवारी जेवताना विचारायची आणि तो दर रविवारी पुढच्या आठवड्याचं नाव घ्यायचा. एकदा अनुषा एकटीच सुचेताबाईंकडे येऊन बसली, चहा घेतला, भाडं किती वाढलंय, आर्याची शाळा किती महाग आहे ते सांगितलं आणि जे सांगायला आली होती ते न सांगता गेली. तिकडं डॉक्टर नयनाकडून निरोप आला, की पुढची तारीख देऊ का, सांधा आणखी खराब होतोय. मथुराक्कानं गिऱ्हाइकांना पुडी घरी येऊन न्यायला सांगितलं. निम्म्यांनी येणं सोडून दिलं.

शेवटी खरं कारण तिला कळलं ते हयवदनकडून, आणि ते त्यानं अगदी गोड आवाजात सांगितलं. राजाजीनगरचं घर हणमंतरावांच्या नावावर होतं. ते मृत्युपत्र न करता गेले. आता एक बिल्डर तिथं इमारत बांधायला तयार होता, आणि वारसांना त्यात घरं मिळणार होती. कागदोपत्री रविकिरण हणमंतरावांचा मुलगा, तोवर त्याचा वाटा. तो मथुराक्काचा दत्तक मुलगा आहे असं एकदा रजिस्टर झालं की जन्मघराशी त्याचा संबंध तुटला. “म्हणून तो थांबलाय दोड्डम्मा,” हयवदन म्हणाला. “तूच सांग ना त्याला. मी तर पहिल्या दिवसापासून तयार आहे.”

मथुराक्कानं हे सुचेताबाईंना सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा होता. एक तयार आहे कारण त्याचं वाढतं, दुसरा तयार नाही कारण त्याचं जातं, ती म्हणाली, आणि मधे माझा खुबा.

सुचेताबाईंच्या मनात रविकिरणला बोलवून खडसवावं असं फार आलं. मथुराक्कानं शपथ घातली. मात्र पुढच्या रविवारी तिनं त्यांना दुपारी मुद्दाम बसवून घेतलं. रविकिरण एकटाच आला होता. जेवण झालं. तो ताट उचलायला उठला तर तिनं बस म्हटलं.

“ते घराचं मला कळलंय,” ती म्हणाली.

रविकिरणनं सुचेताबाईंकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. बराच वेळ तो बोलला तो तुकड्यातुकड्यांनी. आम्ही जन्मभर भाड्यानंच राहायचं का. आर्याचं काय. अनुषा म्हणते ते चूक नाही. मी कर्ज काढतो, आपण त्या मठाच्या डॉक्टरांकडेच करू, ह्या महिन्यात करू. मथुराक्का म्हणाली, की कर्ज कसलं, पगारातून कापून जातं त्यात होतंय ते. मग तो म्हणाला:

“आई, कागदावर नाही म्हणून मी तुझा मुलगा नाही का?”

“आहेस की,” ती म्हणाली. “जेवायला येतोस, डबे काढून देतोस. खुब्यापुरता नाहीस, एवढंच.”

रविकिरण रडायला लागला. तीस वर्षं शाळेत मुलांचं रडणं पाहिलेल्या सुचेताबाईंना ते रडणं खोटं वाटलं नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. मिस, तुम्ही सांगा ना आईला, असं तो त्यांना म्हणाला. त्यांनी काय सांगायचं ते विचारलं.

मथुराक्का भिंतीला धरून उठली. त्याला पाणी दिलं.

“तुला मागितलं तेव्हा तुझ्या आईला विचारलं होतं, बापाला विचारलं होतं, आचार्यांना विचारलं होतं,” ती म्हणाली. “तुला कोणी विचारलं नव्हतं. पाच वर्षांचा होतास. आता विचारलं. तू सांगितलंस. सरी, ठीक आहे.”

तो मसुदा तिनं त्याच्याकडून परत मागितला नाही, फाडायलाही सांगितला नाही. डॉक्टर नयनाला मात्र तिनं स्वतः फोन करून कळवलं, की माझी वाट बघू नका, ती तारीख दुसऱ्या कुणाला द्या. काय झालं, असं त्या मुलीनं विचारलं असावं, कारण मथुराक्का कानडीत म्हणाली, की कार्डावर आई दुसरी निघाली. आणि फोन ठेवला.

नंतर सुचेताबाई तिला सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनीही नीट तपासलं. यादी लांब होती, आणि नंबर लागला तरी खर्चातला मोठा भाग तिनंच घालायचा होता, कारण तिचं रेशनकार्ड गरिबाचं नव्हतं. सुचेताबाईंनी आपल्याकडचं देऊ केलं. तुमच्याकडून घेतलं तर रविवारी तो आल्यावर माझ्या तोंडातून काय बाहेर पडेल त्याचा भरवसा नाही, असं म्हणून तिनं नकार दिला.

बिल्डरशी करार झाला त्या दिवशी रविकिरण म्हैसूरपाकाचा डबा घेऊन आला. हणमंतरावांचा मुलगा म्हणून त्यानं सही केली होती. हयवदननं शेजारी उभं राहून केली होती, आणि दोघे भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोललेले नाहीत. नव्या इमारतीला लिफ्ट असणार आहे, आई, तू आमच्याकडेच ये, असं तो म्हणाला. अनुषानंही फोनवर म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. बघू, मथुराक्का म्हणाली. वसुमती त्याच इमारतीत राहणार होती. आर्या तिला अज्जी म्हणते, आजी, आणि ते कार्डाप्रमाणं बरोबरच आहे.

जिना उतरणं बंद झाल्यावर घरमालकानं मथुराक्काला तळमजल्यावरची, पूर्वी सामान ठेवायची खोली दिली. भाडं तेवढंच ठेवलं. यादीतला तिचा नंबर अजून लागलेला नाही. ती वॉकर धरून दारापर्यंत येते, गाडीवाल्याकडून भाजी घेते, आणि पुडी करणं तिनं बंद केलं आहे.